रॉड्रिग्ज बेटावरचं सोनेरी वटवाघूळ: मोजणी, चक्रीवादळं आणि फळबागांच्या जाळ्या

रानवारा

हिंदी महासागरात मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, सर्वांत उंच डोंगर माँ लिमाँ, तोही ४०० मीटर भरत नाही. या बेटाचा आज उरलेला एकमेव मूळ सस्तन प्राणी म्हणजे टेरोपस रॉड्रिसेन्सिस हे फळखाऊ वटवाघूळ. रानात ते जगात दुसरीकडे कुठेही नाही. वजन पाव किलो ते साडेतीनशे ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या वडा-पिंपळावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळापेक्षा पुष्कळ लहान. डोकं, मान आणि खांद्यांवर सोनेरी-तांबूस दाट केस, पंख काळपट.

ते गुहेत राहत नाही. घळीतल्या जुन्या, उंच झाडांवर दिवसा वस्ती करतं. एकेका नराभोवती माद्यांचा गट असतो आणि एकटे नर वस्तीच्या कडेला लटकतात. आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणं टेरोपस गटातल्या वाघळांना जमत नाही, डोळे आणि नाक यांवरच सगळी भिस्त. फळ तोंडात घेऊन टाळूच्या खाचांवर दाबायचं, रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, ही खाण्याची रीत. बारीक बिया रसाबरोबर पोटात जातात आणि साधारण अर्ध्या तासात बाहेर पडतात. मोठ्या बियांची फळं तोंडात धरून दुसऱ्या झाडावर नेली जातात आणि बी तिथे पडते.

जंगलतोड, शेळ्या, वणवे आणि शिकार यांनी बेट उघडंबोडकं झालं. १९७० च्या दशकात तर जगातली सगळी वाघळं मिळून शंभराच्या आत आली. १९७६ मध्ये जर्सीच्या प्राणिसंग्रहालयाचे संस्थापक जेराल्ड डरेल तिथे गेले. काही वाघळं पकडून मॉरिशसमध्ये आणि जर्सीत त्यांची पैदास सुरू झाली. २०१६ च्या सुमारास रानातला आकडा वीस हजारांच्या घरात पोचला आणि २०१७ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने या प्रजातीला ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं.

या धाग्यावर कौतुकापेक्षा कामाचं बोलूया: मोजतात कसं, वादळात काय होतं, पिंजऱ्यात काय चुकतं आणि बागायतदाराने काय करावं.

पारंबी

फार छान विषय. पहिला प्रश्न माझाच. दर उन्हाळ्यात चक्रीवादळांच्या वाटेवर असलेल्या एवढ्याशा बेटावर हा प्राणी टिकला कसा? ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात झाडाला लटकलेलं वाघूळ उडून समुद्रातच जायला हवं ना?

रानवारा

काही जातातच, पण खरा मार बसतो तो वादळानंतर. क्रमाने सांगतो.

वारा सुटतो तेव्हा वाघळं खोल घळींच्या तळाकडे, वाऱ्याच्या आडोशाला सरकतात. कास्काद पिजाँची घळ ही त्यांची जुनी, मोठी वस्ती, आणि ती टिकण्यामागे घळीची खोली हे मोठं कारण आहे. वारा काही तासांत बेटावरची फुलं, फळं आणि पानं झोडपून खाली पाडतो. उरलेली पानं समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्याने करपतात. दुसऱ्या दिवसापासून बेटावर खायला काही नसतं आणि ही स्थिती काही आठवडे टिकते. इथे वाघळं मरतात, भुकेने. भर दिवसा बाहेर पडतात, कच्ची फळं आणि पानं चघळतात, जमिनीवर पडलेली फळं खायला उतरतात आणि तिथे कुत्र्या-मांजरांच्या तावडीत सापडतात.

मोठ्या भूभागावरचं वटवाघूळ अशा वेळी एका रात्रीत ३०-४० किलोमीटर पलीकडचं रान गाठतं. रॉड्रिग्जच्या वाघळाला पलीकडे फक्त समुद्र आहे. १९६८ चं मोनिक, १९९१ चं बेला, २००३ चं कलुंदे, २०१९ चं जेलेना, अशी यादी वाचली की अंदाज येतो. कलुंदेपूर्वी सुमारे पाच हजार वाघळं होती, नंतर ती चार हजारांच्या आसपास राहिली. १९७० च्या दशकात नुकसानीचं प्रमाण याहून कितीतरी भयंकर असायचं. वारा तेव्हाही तेवढाच होता. कमी होती ती झाडं, त्यामुळे आडोसाही नव्हता आणि वादळानंतर उरणारं अन्नही नव्हतं.

म्हणून या प्राण्याचं संवर्धन म्हणजे मुळात झाडांचं काम आहे असं माझं ठाम मत आहे. त्यातही चिंच. ती बेटावर माणसाने आणलेली, पण तिचं लाकूड चिवट, फांद्या वाकतात पण सहज मोडत नाहीत, आणि शेंगा आंब्यासारख्या एका झटक्यात गळत नाहीत. आंबा, चिंच, जाम, उंबराच्या कुळातली झाडं आणि बेटावरचे ताड, हा या वाघळाचा मुख्य आहार.

मोजदाद

मोजणीचं मी लिहितो, कारण ‘वीस हजार’ हा आकडा हवेतून आलेला नाही.

दोन पद्धती आहेत. पहिली दिवसाची. वस्तीच्या समोरच्या डोंगरसोंडेवरून, घळीच्या पलीकडून, तिकाटण्यावर दुर्बीण लावून लटकलेली वाघळं मोजायची. झाडाखाली जायचंच नाही. एकदा उठली की मोजणी संपली, वर भर उन्हात त्यांची ताकद वाया गेली. सकाळी लवकर मोजावं. ऊन चढलं की ती पंखांनी वारा घ्यायला लागतात, सावलीकडे सरकतात आणि पानांआड दिसेनाशी होतात.

दुसरी पद्धत संध्याकाळची, वस्तीतून बाहेर पडतानाची. सूर्यास्ताआधी अर्धा तास जागेवर बसायचं. तोंड पश्चिमेकडे, म्हणजे उजळ आकाशावर वाघूळ काळं उठून दिसतं. डोंगराच्या पार्श्वभूमीवर गेलेलं वाघूळ हमखास सुटतं. हातात अंगठ्याने दाबायचा टॅली काउंटर, नजर आकाशावरून हलवायची नाही, कागदावरची नोंद जोडीदाराने दर पाच मिनिटांनी करायची. झोत वाढला की एकेक मोजणं अशक्य होतं. तेव्हा दहा-दहाचे पुंजके मोजायचे, पण दहाचा पुंजका डोळ्याला कसा दिसतो याचा सराव आधी छायाचित्रांवर करून घ्यायचा. नवखे लोक मोठा थवा कायम कमी मोजतात. परत येणारी वाघळं दुसऱ्या काउंटरवर, आणि शेवटी वजा.

बेट लहान असण्याचा इथे मोठा फायदा आहे. सगळ्या माहीत असलेल्या वस्त्या एकाच संध्याकाळी मोजता येतात.

पारंबी

एकाच संध्याकाळी का? आठवड्याभरात एकेक वस्ती केली तर माणसं कमी लागतील की.

मोजदाद

कारण वाघळं वस्ती बदलतात. एखाद्या घळीच्या बाजूला आंबा पिकला की शेकडो वाघळं दोन दिवसांत तिकडे सरकतात. मंगळवारी पहिल्या घळीत मोजलेलीच शुक्रवारी दुसऱ्या घळीत पुन्हा मोजली जातात आणि आकडा फुगतो.

बाकी ठरलेल्या चुका या: पाऊस किंवा जोराचा वारा असेल तर वाघळं उशिरा आणि कमी निघतात, अशी संध्याकाळ रद्द करायची. पौर्णिमेच्या आसपास निघण्याची वेळ बदलते, म्हणून दर वर्षी चांद्रमासातले तेच दिवस धरावेत. ज्यांच्या अंगावर पिल्लू आहे अशा माद्या उशिरा, पूर्ण अंधारात निघतात, त्या सुटतात. आणि मोजणीचा महिना कधीही बदलायचा नाही. फळांच्या हंगामातली मोजणी आणि हंगाम संपल्यावरची मोजणी शेजारी शेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणणं चूक आहे. एकट्या आकड्यापेक्षा त्याच पद्धतीने वर्षानुवर्षं मिळालेला कल महत्त्वाचा.

सह्यवेडा

हे वाचून एक शंका येते. मादीला एका वेळी एकच पिल्लू. मग शंभरावरून वीस हजार हे चाळीस वर्षांत शक्य आहे का? दोनशे पट म्हणजे साडेसात वेळा दुप्पट होणं. म्हणजे सरासरी सव्वापाच वर्षांनी दुप्पट, वर्षाला १४ टक्क्यांच्या आसपास वाढ, तीही मधली वादळं धरून.

मोजदाद

गणित बरोबर आहे, आणि वाढ शक्यही आहे. शंभरात ५० माद्या धरा, त्यातल्या ४० वयात आलेल्या, त्यातल्या बहुतेकींना वर्षाला एक पिल्लू. निम्मी पिल्लं मोठी झाली तरी वर्षाला १५-२० ची भर पडते. मोठ्या वाघळांचं आयुष्य लांब असल्याने मृत्यू कमी. शिकार थांबली, झाडं वाढली, तर मधल्या चांगल्या वर्षांत हा वेग गाठता येतो. पण तुमची शंका दुसऱ्या बाजूने खरी आहे. जुन्या मोजण्यांत सगळ्या वस्त्या माहीत नव्हत्या, माणसं थोडी होती. तेव्हा वाढीतला थोडा वाटा चांगल्या मोजणीचाही असणार. वाढ झाली हे मात्र वादातीत आहे, कारण पूर्वी नसलेल्या घळींतही आता वस्त्या आहेत.

वाक्वाकर

मॉरिशसहून लिहितो आहे. इथे आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि लिचीच्या हंगामात घराघरात वाघळांवरून वाद होतात, म्हणून दोन्ही बेटांतला फरक स्पष्ट करतो. बातम्यांमध्ये गल्लत होते.

मॉरिशसच्या मुख्य बेटावर आहे ती दुसरी प्रजाती, टेरोपस नायजर, आकाराने मोठी. ती लिची आणि आंबे खाते. २०१५ च्या कायद्याने सरकारला तिची संख्या कमी करायची मुभा मिळाली आणि २०१५, २०१६, २०१८ मध्ये हजारोंनी वाघळं गोळ्या घालून मारली गेली. पहिल्याच वर्षी आकडा तीस हजारांच्या घरात होता. परिणाम काय? २०१८ मध्ये आययूसीएनने तिला ‘संकटग्रस्त’ ठरवलं, आणि बागायतदारांचं नुकसान काही थांबलं नाही. थांबणार तरी कसं? बागेतलं फळ ज्या रात्री पिकतं त्या रात्री बेटावर उरलेली वाघळं तिथेच येणार. मारल्याने रानातली संख्या घटते, पिकल्या झाडावरची गर्दी तेवढीच राहते.

याच परिसरात, मॉरिशस आणि शेजारच्या रियुनियन बेटावर, टेरोपस सबनायजर नावाची तिसरी, लहान प्रजाती होती. ती एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली. म्हणून ‘वाघळं काय, पुष्कळ आहेत’ हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो.

रॉड्रिग्जवर अशी कत्तल झालेली नाही. तिथे शाळांमधून आणि गावांतून पर्यावरण शिक्षणाचं काम १९९८ पासून चालू आहे, त्याला फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाची साथ आहे. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन जंगलाचं काम पाहते.

घोलवडची वाडी

इथे चिकू आणि आंबा आहे, वाघळांचा त्रासही आहे. मारायचं नाही हे मान्य, पण जाळीत अडकून मेलेली वाघळं पाहवत नाहीत. तुमच्याकडे जाळी नक्की कशी लावतात? माप, अंतर, सगळं सांगा.

वाक्वाकर

सविस्तर लिहितो. यात घाई केली की फळही जातं आणि प्राणीही.

छिद्राचं माप आधी. जाळी पूर्ण ताणल्यावर छिद्र ५ मिलिमीटरच्या आत हवं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात घरगुती फळझाडांसाठी हेच माप कायद्याने सक्तीचं आहे. दुकानात सोपी परीक्षा करा: करंगळी आरपार गेली तर ती जाळी घेऊ नका. काळ्या बारीक नायलॉनची मासेमारीच्या धाग्यासारखी जाळी सर्वांत घातक. वाघळाला ती अंधारात दिसत नाही, पंखाचं पातळ कातडं आणि अंगठ्याची नखी तिच्यात अडकते, सुटायला धडपडलं की धागा आणखी आत रुततो. विणलेली, पांढरी, जाड धाग्याची जाळी घ्या. पांढरी रात्री दिसते.

मग सांगाडा. जाळी झाडावर नुसती फेकायची नाही. सैल जाळी हाच सापळा असतो. झाडाभोवती बांबू किंवा जीआय पाइप उभे करून वर आडवे बांधा आणि जाळी खाटेच्या नवारीसारखी ताणून घ्या. जाळी आणि सर्वांत बाहेरचं फळ यांत निदान ३० सेंटिमीटर अंतर हवं. फळ जाळीला टेकलं तर वाघूळ बाहेर बसून आतलं फळ चावतं. बांबूची टोकं कापड किंवा जुन्या ट्यूबने बांधा, नाहीतर वाऱ्यात जाळी तिथेच फाटते. खालची कड जमिनीपर्यंत आणून वाळूच्या पिशव्यांनी दाबा. झाडाच्या बुंध्याशी बांधायची असेल तर एकही फट ठेवू नका. अर्धवट उघडी जाळी सर्वांत वाईट: प्राणी आत शिरतो आणि बाहेर पडायची वाट त्याला सापडत नाही.

वेळही महत्त्वाची. मोहोरावर जाळी नको, मधमाश्या अडतात. फळधारणा होऊन फळ पोसायला लागलं की लावा, शेवटची तोडणी झाली की त्याच दिवशी उतरवा. विसरलेली जाळी वर्षभर मारत राहते. लावलेली असताना रोज सकाळी एक फेरी हवीच.

दहा मीटरची जुनी लिची अशी झाकता येत नाही, आणि मॉरिशसमधल्या भांडणाचं मूळ इथेच आहे. घरामागची झाडं प्रचंड उंच आहेत. त्यावर उपाय म्हणजे तोडणीनंतर टप्प्याटप्प्याने छाटणी करून झाड चार-पाच मीटरवर आणणं. एकाच वर्षी निम्म्याहून जास्त माथा उतरवला तर पुढचं पीक बुडतं, म्हणून दोन-तीन वर्षांत विभागा. तोवर हाताशी येणाऱ्या घडांना कापडी पिशव्या बांधा. प्लास्टिकच्या नकोत, आत घाम धरून फळ कुजतं.

पारंबी

वाक्वाकर, हा प्रतिसाद छापून वाडीत लावण्यासारखा आहे. पिंजऱ्यातल्या पैदाशीबद्दल कोणी लिहील का?

पशुवैद्य

लिहितो. जर्सी, चेस्टर, फिलाडेल्फिया अशा अनेक प्राणिसंग्रहालयांत मिळून या प्रजातीची शेकडो वाघळं आहेत. सगळी मोजक्याच पूर्वजांपासून आलेली, म्हणून वंशनोंद ठेवून नरांची अदलाबदल करावी लागते.

सर्वांत जास्त चुकतो तो आहार. बाजारातली केळी, द्राक्षं, सफरचंदं ही माणसाच्या जिभेसाठी गोड केलेली फळं. त्यांत साखर जास्त, प्रथिनं आणि कॅल्शियम कमी. रानातल्या उंबरवर्गीय फळांत कॅल्शियम भरपूर असतं. नुसत्या गोड फळांवर ठेवलं की वाघूळ लठ्ठ होतं आणि हाडं कमकुवत होतात. म्हणून फळांबरोबर उकडलेला रताळ्या-गाजरासारखा भाजीपाला, झाडपाला आणि प्रथिनांचं पूरक खाद्य मिसळतात. तुकडे एक-दीड सेंटिमीटरचे. मोठे ठेवले तर गोड तेवढं निवडून बाकी खाली टाकतात.

दुसरी चूक खाणं एकाच जागी ठेवण्याची. दांडगा नर भांड्यावर बसतो, कोणाला फिरकू देत नाही, तो सुजत जातो आणि माद्या उपाशी. खाणं सळयांना टोचून बऱ्याच ठिकाणी, वेगवेगळ्या उंचीवर टांगायचं. तिसरी चूक जागेची. सरळ रेषेत उडून वळता येईल एवढी लांबी नसेल तर वाघूळ छतावरून हातपायांनी सरपटतं, उडतच नाही. मग छातीचे स्नायू जातात.

बाळंतपणाबद्दल एक विलक्षण नोंद आहे. थॉमस कुंझ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये फ्लोरिडातल्या बंदिस्त गटातली प्रसूती वर्णन केली. या जातीची मादी विताना एरवीच्या उलट होते, अंगठ्यांवर लटकून डोकं वर आणि पाय खाली घेते, म्हणजे पिल्लू पायांमधल्या पडद्यात झेललं जातं. ती मादी तसं करत नव्हती. नात्यात नसलेली दुसरी मादी तिच्याजवळ आली, तिला चाटू लागली, स्वतः तशी उलटी होऊन राहिली, पंखांचा आधार दिला, आणि मग आईनेही ती स्थिती घेतली. म्हणून विण्याच्या बेतात असलेल्या मादीला गटातून वेगळं काढू नये, हे माझं आग्रहाचं सांगणं. तिला एकटं ठेवून काळजी घेतल्यासारखं वाटतं, पण तिची मदत आपण काढून घेतलेली असते.

सह्यवेडा

डरेल यांच्या वाघळं पकडून नेण्याच्या निर्णयाबद्दल लोक आजही ‘रानातून उचललंच कशाला’ असं म्हणतात, म्हणून दुसऱ्या बेटाचं उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर, १३५ चौरस किलोमीटरच्या, कीटक खाणारं चिमुकलं वटवाघूळ होतं, पिपिस्ट्रेलस मरेई. त्याची संख्या १९९० च्या दशकापासून घसरत होती. पकडून पैदास करायची परवानगी मिळाली २००९ च्या मध्यात. माणसं बेटावर पोचली तेव्हा एकच वाघूळ ऐकू येत होतं, आणि २६ ऑगस्ट २००९ नंतर तेही आवाज टिपणाऱ्या यंत्रावर आलं नाही. २०१७ मध्ये प्रजाती नामशेष जाहीर झाली, त्याच वर्षी ज्या वर्षी रॉड्रिग्जचं वाघूळ एक पायरी वर चढलं. बेटाएवढ्या जागेत घट दिसली की कारण शोधत बसायला वेळ नसतो. कारण शोधायचं आणि त्याच वेळी काही जोड्या सुरक्षितही करायच्या.

रानवारा

सह्यवेडा, पूर्ण सहमत. आणि लक्षात घ्या, रॉड्रिग्जची रानातली संख्या पिंजऱ्यातली वाघळं परत न सोडता वाढली. पैदास हा विमा होता. संख्या वाढवली झाडांनी.

तिथे आता एक नाजूक पेच आहे. ग्रांद मोंतान्य आणि आन्स किटोर या राखीव भागांत परदेशी झुडपं उपटून मूळ झाडं लावतात. काढायच्या यादीत आपली ओळखीची मंडळी आहेत: घाणेरी, सुबाभूळ, मैदालकडी, आणि जाम. जाम दाट माजतो, खाली मूळ झाडांची रोपं उगवू देत नाही, पण वाघळांचं ते अन्नही आहे. एका दमात सगळा काढला तर पुढच्या वादळानंतर भुकेची वेळ आणखी कठीण. माझ्या मते वस्तीजवळच्या घळीत पट्ट्यापट्ट्याने काढावा: आधी मूळ झाडं लावायची, ती फळाला आली की शेजारचा जामाचा पट्टा. वस्तीच्या झाडांना हात लावायचाच नाही, झाड कोणतंही असो.

घोलवडची वाडी

शेवटचा प्रश्न. फळ वाघळाने खाल्लं की पक्ष्याने, हे ओळखायचं कसं? गडी प्रत्येक नासक्या फळाचं खापर वाघळावर फोडतात.

वाक्वाकर

झाडाखाली सकाळी बघा. वाघळाने खाल्लं असेल तर चोथ्याच्या चपट्या, कोरड्या गोळ्या पडलेल्या असतात, साधारण बोटाच्या पेराएवढ्या, आणि त्यांवर टाळूच्या समांतर खाचांचे ठसे स्पष्ट दिसतात. अर्धं फळ मिळालं तर कडेला दातांच्या जोडजोड खुणा असतात. साळुंकी आणि बुलबुल चोचीने भोक पाडतात, गर आतून पोखरतात, साल फळावरच राहते, आणि फळ बहुधा फांदीलाच लटकतं. पोपट फळ कुरतडून बीपर्यंत पोचतो, साल आणि गराचे तुकडे सांडतो. उंदीर देठाजवळून सुरुवात करतो, त्याच्या पुढच्या दातांच्या अरुंद पन्हाळी दिसतात. आणि नुसतं तडकलेलं, किड्याने भरलेलं, जास्त पिकून गळलेलं फळ कोणीच खाल्लेलं नसतं.

आठवडाभर रोज त्याच पाच झाडांखालची फळं गोळा करून अशा पाच ढिगांत विभागा आणि मोजा. वाघळांचा ढीग मोठा निघाला तर जाळी. पक्ष्यांचा मोठा निघाला तरी तीच ५ मिलिमीटरची जाळी चालते. उंदरांचा निघाला तर जाळीवर पैसे घालू नका, बुंध्याला जमिनीपासून मीटरभर उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा पट्टा गुंडाळा आणि शेजारच्या झाडांना टेकलेल्या फांद्या छाटा.